फुल बॉडी वर्कआउट: सात महिने करून बघितलं, जसं आहे तसं सांगतो

आमच्या सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात चालू केलं, आता ऑगस्ट संपत आलाय. त्याआधी दीड वर्ष सगळ्यांसारखंच सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक असं करत करत शनिवारी लेग, असा स्प्लिट मारायचो. म्हणजे कागदावर. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम आहे, महिनाअखेर आली किंवा एक्स्पोर्टचा माल निघायचा असला की दोन-तीन दिवस जिम बुडतेच, आणि बुडायचा तो नेमका लेग डे. सलग पाच आठवडे पायाला काहीच नाही असं पण झालंय. चेस्ट मात्र एकदा चुकला नाही बघा.

आता सोम-बुध-शुक्र. एक दिवस स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बैठक), बेंच (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा), रोइंग (वजन अंगाकडं ओढायचं). पुढच्या दिवशी डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलायचा), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलायचा), लॅट पुलडाऊन (वरची दांडी खाली ओढायची) आणि शेवटी प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून ठेवायचं). तीन-तीन सेट, एका सेटमध्ये पाच ते आठ वेळा उचलायचं, मधे दोन-तीन मिनिटं निवांत बसायचं. एखादा दिवस बुडाला तरी आठवड्यात दोनदा अख्ख्या अंगाला व्यायाम झालेला असतो. माझ्यासारख्याला खरा फायदा हाच.

स्क्वॉट ४० किलोवरून ८० वर आला, डेडलिफ्ट ५० वरून १०५, बेंच ४० वरून ५५. माझं वजन ७१ चं ७३. पायाचे आकडे बघून लगेच हुरळू नका, तिथं आधी काही नव्हतंच, त्यामुळं वाढले. पण एक आहे, बार दर आठवड्याला पाठीवर येतो त्यामुळं हात बसतो, खाली जाताना गुडघे आत यायचे ते आपोआप थांबलं.

जिममधला ट्रेनर म्हणाला, "मालक, हे नवशिक्यांचं काम आहे." आता १९५० चा मिस्टर युनिव्हर्स स्टीव्ह रीव्हज आठवड्यात तीन दिवस अख्खं अंगच करायचा, तो काय नवशिका होता का. आणि आपल्या तालमीत कुठं लेग डे असतो ओ, जोर-बैठका रोजच्या रोज. तरी त्याचं एक मान्य, स्नायूंची नुसती साईझ पाहिजे असेल आणि आठवड्याचे एकूण सेट सारखेच असतील तर स्प्लिट काय आणि फुल बॉडी काय, फार फरक पडत नाही. जो सहा दिवस न चुकता जातो त्यानं उगं बदलायच्या भानगडीत पडू नये.

मागच्या महिन्यात सासऱ्यांनी मंगळवेढ्याहून ज्वारी पाठवली, ५० किलोचे तीन कट्टे, आणि लिफ्ट बंद. दरवर्षी हमालाला पैसे देतो. यावेळी कट्टा छातीला लावून, कंबर सरळ ठेवून उचलला आणि दुसऱ्या मजल्यावर नेला, तिन्ही. तिसऱ्याला जिन्यात थांबलो, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली हमालाचे पैसे मला द्या.

त्रास पण सांगतो. पहिले दोन आठवडे संडासात बसायचं म्हणजे भिंत धरून. संध्याकाळी रॅक, म्हणजे बार ठेवायचा स्टँड, एकच आणि त्यात कुणीतरी बायसेप मारत उभा, त्यामुळं तासाचं काम पावणेदोन तासावर जातं. शेवटच्या व्यायामाला जीव राहत नाही, म्हणून जे महत्त्वाचं ते आधी करा. मे महिन्यात तर वर पत्रा आणि बाहेर ४३ डिग्री, डेडलिफ्टचा तिसरा सेट ठेवला आणि डोळ्यापुढं अंधारी, तिथंच खाली बसलो. तेव्हापासून पहाटे सहाला जातो, रॅक पण मोकळा मिळतो. खाण्याचं म्हणाल तर रोज चार अंडी, डाळ, दही. शेंगाचटणीला प्रोटीन समजून मी दोन महिने वाटीनं खाल्ली, शेंगदाण्यात प्रोटीनच्या जवळजवळ दुप्पट तेल असतं हे पोट सुटल्यावर कळलं.

सध्या ओव्हरहेड प्रेस ३५ वर अडकलाय, दीड महिना झाला. आमच्याकडं सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, दोन्हीकडं लावली की एकदम पाच किलो वाढतात आणि खांदा नाही म्हणतो. सोलापुरात कुणाकडं सव्वा किलोच्या जुन्या प्लेटा पडून असतील तर सांगा, जोडीच पाहिजे, गंजलेल्या पण चालतील.