१.३ मल्टिजेटचा टर्बो लॅग कमी केला त्याला ९ महिने झाले, ११,००० किमीनंतरचा अनुभव

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक, आणि पाय दाबल्यावर ते भरायला जो उशीर लागतो तो टर्बो लॅग. तो कमी करायचं काम गणपतीच्या आधी केलं होतं, पण लिहायला मुद्दाम थांबलो, कारण रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) केल्यावर पहिले पंधरा दिवस कोणालाही आपली गाडी विमानच वाटते. आता पावसाळ्याचा शेवट, थंडी, शिमगा आणि हा मे महिना, सगळं गाडीने बघितलंय, म्हणून लिहितोय.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, पहिल्यापासून माझीच, काम केलं तेव्हा १ लाख १८ हजार किमी झालेली. इंजिन म्हणजे तेच फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, ७५ पीएस (पॉवर) आणि १९० एनएमवालं (टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद). आपल्याकडे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला नॅशनल इंजिनच म्हणायला लागले, आपल्या रांजणगावलाही बनायचं, २०२० ला बीएस सिक्सचे प्रदूषणाचे नियम आले आणि ते बंद झालं. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही, डिझेल पुरवून पुरवून पितं, माझा फार जीव आहे या इंजिनवर.

फक्त एक गोष्ट, १९० एनएम मिळतात २००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे). त्याच्या खाली एक्झॉस्टमधून येणाऱ्या गॅसला टर्बोचं चाक जोरात फिरवण्याएवढा दमच नसतो, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही टर्बो नसलेलं छोटं डिझेल इंजिन चालवत असता. पुण्यात हे फारसं जाणवत नाही. पण आमचं गाव चिपळूणकडे, येता जाता कुंभार्ली घाट, आणि पोफळीवरून वर चढताना पुढे जांभ्याने भरलेला ट्रक, वळणावर गाडी २० च्या स्पीडला आलेली, सेकंडला आरपीएम दीड हजाराच्याही खाली, पाय पूर्ण दाबला तरी गाडी जागची हलायला तयार नाही आणि मग एकदम धक्का मारून पळते. फर्स्ट टाकावा तर गाडी हिसका देते, सेकंडला हाफ क्लच करावा तर क्लच जळतो. मागे आई आणि मुलं, एसी चालू, ओव्हरटेक करताना मधेच असा दम गेला की खरंच पोटात गोळा येतो.

आधी मी चूक केली. ऑनलाइन मिळणारा एक ट्यूनिंग बॉक्स घेऊन लावला. तो डिझेलचं प्रेशर मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये बसतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खोटंच सांगतो की प्रेशर कमी आहे, म्हणून ईसीयू डिझेलचं प्रेशर वाढवतो. पण हवेचं काय? टर्बो अजून भरलेलाच नाही, हवा तेवढीच, डिझेल मात्र जास्त, त्यामुळे खालच्या आरपीएमला मागून काळाकुट्ट धूर आणि पिकअपमध्ये काडीचा फरक नाही. दहा दिवसांत काढून टाकला.

मग आमच्या नेहमीच्या फिटर काकांकडे गेलो. ते म्हणाले, "दादा, आधी गाडी कंपनीतून आली होती तशी करू, मग वाढवायचं बघू." हे वाक्य माझ्यासाठी लाखमोलाचं ठरलं. त्यांनी स्कॅनर लावून गाडी चालवायला सांगितली आणि इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा जाते तिथलं, प्रेशर बघितलं, २००० ला जेवढं यायला पाहिजे तेवढं २३०० च्या पुढे येत होतं. टर्बोकडून इनटेककडे जाणारा होजपाइप क्लॅम्पपाशी चिरलेला, बाहेरून नुसता तेलकट दिसायचा, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) आला की चीर उघडायची. ईजीआर व्हॉल्व्ह, जो थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडतो, कार्बनने नीट बंदच होत नव्हता, म्हणजे पाय दाबला की ताज्या हवेच्या जागी जळका धूरच परत आत. इनटेक मॅनिफोल्डमध्ये अक्षरशः बोटभर काजळी, आतलं तोंड निम्मं उरलेलं. होज, क्लॅम्प, सफाई, एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर साफ, सगळं मिळून ८,४०० रुपये.

मी प्रत्येक टप्प्याला एकाच रिकाम्या सरळ रस्त्यावर, पहाटे, थर्ड गिअरमध्ये ३० ते ८० मोजत होतो, बायको शेजारी फोनवर वेळ लावायची. कामाआधी १४.१ सेकंद, नुसत्या दुरुस्तीनंतर ११.९. म्हणजे मी ज्याला लॅग लॅग म्हणत होतो त्यातला निम्मा लॅग नव्हताच, गाडीचं वय होतं. तुमच्या गाडीला लाखाच्या वर झाले असतील तर कृपा करून आधी एवढंच करा, निम्म्या लोकांना पुढचं काही लागणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मी पुढे गेलो कारण घाट अजून टोचत होता. रीमॅप करणाऱ्या दोन ट्यूनरकडे विचारलं. एकाने ईजीआर बंद करून कॅट (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढायचं सुचवलं, ते सरळ नाकारलं, ते बेकायदेशीर आहे आणि तो धूर आपल्याच मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर जातो. दुसऱ्याला सांगितलं की मला टॉप स्पीड नको, खालचं दे, धूर नको, आणि १५०० च्या खाली टॉर्क ओढून ताणून वाढवू नको. त्याने माझ्या गाडीवर लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) घेऊन ईसीयूची फाइल बनवली, २२,००० रुपये. यात टर्बो तोच राहतो हे नीट समजून घ्या, फक्त डिझेल कधी, किती आणि टर्बोने किती बूस्ट धरायचा हे बदलतं. त्याच्या हिशोबाने साधारण ९२ पीएस आणि २३० एनएम, मी गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चढवलेली नाही, पण तीच ३० ते ८० आता ९.८ सेकंदात होते.

आकड्यांपेक्षा घाटातला फरक महत्त्वाचा. पूर्वी २००० ला जो धक्का बसायचा तो आता साधारण १७०० पासून हळूहळू चढत येतो. सेकंडला २० च्या स्पीडला गाडी अजूनही विचार करते, १४०० ला काहीही चमत्कार होत नाही, कोणी होतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पण पूर्वी जो ओव्हरटेक सोडून द्यायचो तो आता शांतपणे होतो. शिमग्याला वर येताना आई म्हणाली, "आज गाडी कुंथत नाहीये रे." तिला मी काही सांगितलंच नव्हतं.

ॲव्हरेज हायवेला १९.५ चा २०.३ झाला, शहरात तेवढाच. पीयूसी दोनदा झाली, बीएस फोर डिझेलला धुराच्या काळेपणाची मर्यादा १.६२ आहे, दोन्ही वेळा आरामात आत.

आता खर्चाची बाजू, जी ट्यूनर आधी सांगत नाहीत. पाचव्या महिन्यात खंबाटकी चढताना फोर्थला आरपीएम वर आणि स्पीड तिथेच, क्लच घसरायला लागला. प्लेट ओरिजिनलच होती, सव्वा लाख किमीची, जायचीच होती, पण वाढीव टॉर्कने लवकर गेली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी ११,६०० रुपये. जुना क्लच असेल तर हे पैसे रीमॅपच्या पैशातच धरा.

व्हीजीटी टर्बो का नाही बसवला असं दोघांनी विचारलं. याच इंजिनाच्या ९० पीएसवाल्या व्हर्जनमध्ये तो यायचा, त्यात खालच्या आरपीएमला आतल्या पात्या मिटून वाट अरुंद करतात, गॅस जोरात येतो आणि टर्बो लवकर भरतो, म्हणून तिथे २०० एनएम १७५० लाच. लॅगवर खरा इलाज तोच आहे. पण नुसता टर्बो उचलून लावता येत नाही, मॅनिफोल्ड, ऑइलच्या लाइन, पात्या हलवणारा ॲक्च्युएटर आणि त्याला चालवणारा ईसीयू, सगळंच लागतं. दहा वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा ती ९० पीएसवाली गाडीच सेकंडहँड बघावी.

इन्शुरन्सला लेखी कळवलंय. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र रीमॅपच्या नादाला लागू नका. ऑइल मी आता १०,००० ऐवजी ७,५०० ला बदलतो, आणि घाट चढून वर आलो की लगेच चावी बंद न करता एक मिनिट आयडलला ठेवतो, टर्बोच्या बेअरिंगला तेल फिरत राहतं. ट्यूनरकडून ओरिजिनल फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली होती, ती कागदपत्रांच्या पाकिटातच आहे. पुढच्या आठवड्यात आंबे आणायला परत कुंभार्लीने जायचंय, यावेळी पाच माणसं आणि पेट्या भरून येणार आहे, पूर्ण लोडला चढताना काय होतं ते आल्यावर इथेच खाली लिहितो.