मक्याचा मुरघास : दिवाळीपासून मे अखेरपर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

संगमनेर तालुक्यातील आमच्या गोठ्यात दुधात असलेल्या आठ संकरित होल्स्टीन गाई आहेत. गेल्या खरिपात दोन एकरांवर मका करून त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, अर्ध्या टनाच्या पिशव्यांत भरला आणि दिवाळीनंतर पिशव्या उघडायला सुरुवात करून मे अखेरपर्यंत तो गाईंना दिला.

मुरघासाने दूध किती वाढते, हा प्रश्न सगळेच विचारतात. आमच्याकडे एकेका गाईचे दूध फारसे वाढले नाही. मात्र चारा बदलला की दूध उतरायचे, ते थांबले. पूर्वी आम्ही कधी मका, कधी नेपियर गवत आणि साखर कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) अशी जी वैरण मिळेल ती घालत होतो. गाईच्या कोठीपोटातील (चारा आंबवून पचवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात आमची वैरण पुन्हा बदललेली असे. त्यातच वाढ्यांमधील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे नुकत्याच व्यायलेल्या गाईला वाढ्यांवर ठेवणे मला कधीच पटलेले नाही. यंदा गव्हाणीत रोज एकाच प्रतीचा चारा पडत राहिला आणि त्याचा फायदा प्रामुख्याने मार्चनंतर, हिरव्या वैरणीची ओढ सुरू झाल्यावर जाणवला.

प्रत कापणीच्या वेळीच ठरते. दाण्यात चीक भरून तो घट्ट होऊ लागला, म्हणजे साधारण 30 ते 35 टक्के शुष्क भाग (पाणी वगळून उरणारा भाग) आला, की मका कापावा. आम्ही कुट्टी (बारीक कापलेला चारा) मुठीत घट्ट दाबून पाहत असू: पाणी गळले तर मका अजून ओला आहे, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर फार वाळला आहे आणि गोळा सावकाश सुटला तर वेळ योग्य आहे. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची ठेवावी आणि दाणेही फुटतील असे पाहावे, अन्यथा ते अख्खे शेणातून बाहेर पडतात. यापुढचे काम फक्त हवा बाहेर काढण्याचे आहे. पिशवीत थर घालून पायाने तुडवण्याचा कंटाळा केला तर लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंऐवजी बुरशीचे फावते. कल्चर (विकत मिळणारे जिवाणूंचे विरजण) वापरले तरी तुडवण्याला पर्याय नाही. नीट दाबलेली पिशवी दीड महिन्यानंतर उघडली की पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस गोड वास येतो. काळपट, चिकट किंवा कुजका वास येणारा भाग सरळ उकिरड्यावर टाकावा. गाभण गाईच्या बाबतीत तर याला अजिबात अपवाद करू नये.

मुरघास म्हणजे संपूर्ण आहार, असा जो समज पसरला आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. मक्याच्या मुरघासात ऊर्जा भरपूर असली तरी शुष्क भागाच्या सात-आठ टक्केच प्रथिने असतात आणि कॅल्शियमही कमी असते. साडेचारशे किलो वजनाच्या, पंधरा लिटर दूध देणाऱ्या गाईला आम्ही दिवसाला वीस किलो मुरघास, तीन किलो ज्वारीचा कडबा, पाच किलो लसूण घास (प्रथिनांनी समृद्ध हिरवा चारा), सरकी पेंडीसह सहा किलो खुराक आणि शंभर ग्रॅम खनिज मिश्रण देतो. वीस किलो हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला शुष्क भाग साडेसहा किलोच्या आसपास असतो आणि उरलेले पाणी. तयार मुरघास विकत घेणाऱ्यांनी भाव ठरवताना हा हिशेब अवश्य करावा, कारण ओल्या मालात आपण पाण्याचेच पैसे मोजतो.

उन्हाळ्यात कडबा महागला की तोच आधी कमी करण्याचा मोह होतो. तसे केल्यास रवंथ घटते, लाळ कमी सुटते, पोटातील आम्लता वाढते, शेण पातळ होते आणि फॅट खाली येते. संकलन केंद्रावर भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून निघत असल्याने कडब्यात वाचवलेले पैसे दुधाच्या पट्टीत निघून जातात. मुरघास नव्याने सुरू करतानाही तो पहिल्या दिवशी दोन-तीन किलोच द्यावा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर यावे. आटवलेल्या (विण्याआधी धार काढणे थांबवलेल्या) गाईंना मात्र तो मोजकाच ठेवावा. त्या अंगाने सुटल्या की विताना अडचण येते आणि व्यायल्यावर कीटोसिसचा (शरीरातील चरबी वेगाने वापरली गेल्याने होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो. मुरघास धार काढून झाल्यावर घालावा, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

पिशव्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. आमच्या आठ गाई अर्ध्या टनाची पिशवी तीन दिवसांत संपवतात, त्यामुळे उघडलेला मुरघास गरम होऊन खराब व्हायला वेळच मिळत नाही. दोन गाई असणाऱ्याकडे तीच पिशवी बारा दिवस उघडी राहील आणि एप्रिलच्या उन्हात ती टिकणार नाही. त्यांनी पन्नास किलोच्या लहान पिशव्या भराव्यात. शिवाय उंदरांचा उपद्रव भरपूर आहे. पिशवीला बारीक छिद्र पडले तरी त्याभोवतीचा भाग बुरशीने पांढरा होतो, म्हणून दर आठवड्याला फिरून छिद्रांवर चिकटपट्टी लावणे हे कायमचे काम होऊन बसते. गाईंची संख्या वाढली तर मी जमिनीवर मुरघास साठवायला सिमेंटचा बंकर (भिंतींचा हौद) बांधेन. सध्याच्या आठ गाईंसाठी मात्र पुढच्या खरिपातही पिशव्याच भरणार आहोत आणि पेंडीवरचा खर्च कमी व्हावा म्हणून लसूण घासाचे क्षेत्र तेवढे वाढवणार आहोत.