एकाच पेटीत सर्व्हर आणि क्लाएंट : पायथनच्या एआयओएचटीटीपीचे परीक्षण

प्रत्येक विनंतीला एक सेकंद थांबून 'नमस्कार' असे उत्तर देणारा सर्व्हर, आणि त्याला एकाच वेळी 50 विनंत्या पाठवणारा क्लाएंट, एवढेच मला लिहायचे होते. असिंक पद्धतीत, म्हणजे एक काम थांबलेले असताना दुसरे हाती घेण्याच्या पद्धतीत, नेमके काय घडते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी मी एआयओएचटीटीपी (aiohttp) ही पायथनची मोफत आणि मुक्त स्रोत लायब्ररी निवडली.

पायथनच्या 3.4 या आवृत्तीत, म्हणजे 2014 साली, असिंक कामासाठीचे असिंकआयओ हे मॉड्यूल भाषेत आले आणि 2015 च्या 3.5 आवृत्तीत 'असिंक' व 'अवेट' हे शब्द मिळाले. मात्र असिंकआयओ स्वतः एचटीटीपी, म्हणजे वेबवरील विनंती-उत्तरांची नियमावली, जाणत नाही. ते फक्त बाइट्सचा प्रवाह हाती देते, आणि हेडर वाचण्यापासूनचे सगळे काम आपल्यावर येऊन पडते. फास्टएपीआय हे दुसरे वेब फ्रेमवर्क घेतले तर चालवण्यासाठी युव्हिकॉर्नसारखा वेगळा सर्व्हर लागतो आणि क्लाएंटसाठी आणखी एक लायब्ररी शोधावी लागते. एआयओएचटीटीपीत दोन्ही बाजू एकत्र आहेत. सर्व्हरसाठी एक हँडलर (विनंतीला उत्तर देणारे फंक्शन), एक मार्ग (कोणत्या पत्त्याला कोणता हँडलर ते) आणि शेवटी 'रन_ॲप' अशा दहाबारा ओळी पुरतात, आणि तो 8080 या पोर्टवर चालू होतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : होस्ट सांगितला नाही, तर हा सर्व्हर संगणकाच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकू लागतो, त्यामुळे सार्वजनिक वाय-फायवर सराव करणाऱ्याने 127.0.0.1 हा फक्त स्वतःच्या संगणकापुरता असलेला पत्ता आवर्जून द्यावा.

हँडलरमध्ये 'असिंकआयओ.स्लीप' वापरून 50 विनंत्या एकत्र पाठवल्या, तेव्हा सर्व उत्तरे सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात आली. गिरणीत दळणाचा डबा नंबराला लावून माणूस मधल्या वेळात भाजी आणतो, तसा इव्हेंट लूप, म्हणजे कामांची पाळी लावणारा असिंकआयओचा भाग, एका विनंतीचे थांबणे चालू असताना दुसरी हाती घेतो. त्याच जागी साधे 'टाइम.स्लीप' लिहिले, की तोच माणूस डब्याशेजारी खिळून उभा राहतो आणि 50 विनंत्यांना 50 सेकंद लागतात. फंक्शनच्या आधी 'असिंक' लिहिल्याने कोड असिंक होत नाही, हे या एका ओळीच्या बदलातून जितके स्वच्छ कळते तितके दहा पाने वाचूनही मला कळले नव्हते. रिक्वेस्ट्स ही उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी लोकप्रिय लायब्ररी हँडलरमध्ये थेट वापरली तरी अशीच कोंडी होते. तसे काम टाळता येत नसेल, तर पायथन 3.9 पासून मिळणाऱ्या 'टू_थ्रेड'ने ते वेगळ्या थ्रेडवर सोपवावे.

मग मी विनंत्या 250 केल्या आणि वेळ तीन सेकंदांवर गेला. सर्व्हर दमला असे प्रथम वाटते, पण कारण क्लाएंटकडे आहे : क्लाएंटचे एक सेशन, म्हणजे जोडण्या सांभाळणारी वस्तू, मुळात एका वेळी 100 च जोडण्या उघडते, म्हणून 100, 100 आणि 50 अशा तीन तुकड्या पडतात. ही मर्यादा बदलता येते, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर एकदम भार पडू नये यासाठी ती असणे मला योग्यच वाटते. मात्र एका विनंतीसाठीची एकूण कालमर्यादा मुळात 300 सेकंदांची आहे, ती फार सैल आहे. वापरकर्ता उत्तराची वाट पाहत असेल तेथे ती पाचदहा सेकंदांवर आणलीच पाहिजे. 404 (सापडले नाही) किंवा 500 (सर्व्हरमधील बिघाड) असे उत्तर आले तरी क्लाएंट आपणहून चूक मानत नाही. 'रेज_फॉर_स्टेटस' चालू करावे लागते. सर्व्हरच्या बाजूलाही विनंतीच्या मजकुराची मूळ मर्यादा एक एमबी आहे, त्यामुळे मोबाइलवर काढलेला फोटो साध्या फॉर्ममधून पाठवला की 413 (मजकूर फार मोठा) हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी.

मराठी मजकुराच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. साधे मजकुरी उत्तर यूटीएफ-8 मध्ये जाते आणि ब्राउझरमध्ये नीट उमटते. जेसन या प्रोग्राममधील देवाणघेवाणीच्या मजकुरी स्वरूपात मात्र पायथनच्या मूळ सवयीनुसार प्रत्येक देवनागरी चिन्हाचे 'यू'ने सुरू होणाऱ्या संकेतात रूपांतर होते. वाचणाऱ्या प्रोग्रामला त्याने काही बिघडत नाही, पण तीन बाइट्सच्या 'म'ला सहा बाइट्स लागतात आणि कच्चे उत्तर तपासणाऱ्या माणसाला त्यातून काहीच बोध होत नाही. 'जेसन_रिस्पॉन्स'ला आपले स्वतःचे 'डम्प्स' फंक्शन देता येते. त्यात 'एन्शुअर_आस्की' बंद केले की अक्षरे जशीच्या तशी जातात.

क्लाएंटला एचटीटीपी/2 ही नियमावलीची पुढची आवृत्ती येत नाही, ही खरी उणीव आहे. ज्यांना ते हवे त्यांनी एचटीटीपीएक्स ही लायब्ररी पाहावी. दस्तऐवज भरपूर आहेत, पण वर सांगितलेल्या मूळ मर्यादा वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या असल्याने नवख्याला त्या एकत्र सापडत नाहीत.

सर्वांत जास्त चुका होतात त्या सेशनबाबत. प्रत्येक विनंतीला नवे सेशन उघडले तर जुनी जोडणी पुन्हा वापरण्याचा लाभच जातो, आणि ते बंद करायचे राहिले तर सेशन बंद न केल्याची सूचना पडद्यावर येत राहते. माझा दुसरा सर्व्हर पहिल्याकडून उत्तर आणून पुढे देणारा होता, आणि त्यात मी हीच चूक केली. उपाय लायब्ररीतच होता : 'क्लीनअप_सीटीएक्स' या यादीत एक छोटे फंक्शन घालायचे, त्यात 'यील्ड'च्या, म्हणजे फंक्शन जेथे सर्व्हर चालू असेपर्यंत थांबते त्या ओळीच्या, आधी सेशन उघडायचे आणि नंतर बंद करायचे. त्यानंतर सर्व हँडलर तेच एक सेशन वापरू लागले, आणि कंट्रोल-सी दाबल्यावर सर्व्हर एकही सूचना न देता बंद झाला.