यवतेश्वरच्या पावसात टिकलेलं डेक ऑइल

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला आमच्या घरापुढं सागवानी फळ्यांचा डेक, म्हणजे उघडा ओटा, आहे. पहिल्या वर्षी चकचकीत व्हार्निश मारलं. पावसाळा सरेस्तोवर त्याचे पापुद्रे निघाले, खाली पाणी मुरलं आणि फळ्या काळ्या पडल्या. फार जिवाला लागलं.

मग साताऱ्यात पोवई नाक्याजवळ रंगाच्या दुकानात गेले. काकांनी डबा काढायच्या आधी विचारलं, "ताई, लाकूड कुठलं? ऊन किती लागतं?" लाकडात मुरणारं, तपकिरी छटेचं तेल दिलं. बिनरंगी नको म्हणाले, उन्हापासून रंगद्रव्यच वाचवतं.

एप्रिलात जुना थर 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडला, मग 120 नंबरचा फिरवला. पाण्याचे थेंब टाकले, लगेच शोषले गेले, म्हणजे लाकूड तयार. दोन पातळ हात दिले, वर राहिलेलं तेल पुसून घेतलं. ती फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

पावसाळा गेला तरी थेंब मोत्यासारखे उभे राहतात. पागोळ्यांखालची एक फळी तेवढी फिकटलीय. तिथं नुसतं धुऊन, वाळवून पुन्हा एक हात द्यायचा. खरवडणं नाही, हेच मला सगळ्यात आवडलं.