महोत्सवाच्या नावाखाली माझा लघुपट गेला

मोबाईलवर लघुपट करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात मी दोन वर्षे होते आणि ज्याने मला फसवले तो त्याच समूहातला होता. कुणा अनोळखी माणसाचा संदेश आला असता तर मी सावध राहिले असते. या गृहस्थाच्या नावापुढे मात्र समूहचालकांनी दिलेली ‘मार्गदर्शक’ ही खूण होती, आणि माझी एक मोठी अडचण त्याने खरोखरच सोडवली होती.

माझा लघुपट एका वृद्ध घड्याळजींच्या हातांवर होता. नऊ मिनिटांचा, जवळजवळ संवाद नसलेला. चिमट्याच्या टोकावर थरथरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, ती जागेवर बसताच डोलू लागणारे चाक आणि सुरू होणारी टिकटिक, एवढाच त्याचा गाभा. आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. संकलनाला बसल्यावर लक्षात आले की एका लांबलचक सलग शॉटमध्ये सुरुवातीला चाकाशी जुळणारी टिकटिक शॉटच्या शेवटी त्याच्याशी जुळत नाही. समूहात विचारताच या गृहस्थाने कारण सांगितले. फोनवर सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे सुटी चित्रे) असे दिसत असले, तरी अनेक फोन चित्रीकरणभर तो वेग काटेकोरपणे पाळत नाहीत, विशेषतः कमी उजेडात. म्हणून फाइल आधी स्थिर फ्रेमदराची करून घ्यावी आणि मगच संकलनात आणावी. सल्ला अचूक होता. त्यानंतर त्याच्या शब्दावर शंका घेण्याचे मला काही कारणच उरले नाही.

काही महिन्यांनी त्याने मोबाईल लघुपटांचा महोत्सव जाहीर केला. निवेदनाची सुरुवात आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असलेल्या उदाहरणाने होती: २०१५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात गाजलेला दिग्दर्शक शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला होता. उदाहरण खरे आहे, म्हणूनच अशा जाहिरातींत ते इतके उपयोगी पडते. प्रवेशशुल्क किरकोळ होते. प्रवेशिका पाठवल्यावर तिसऱ्याच दिवशी निवड झाल्याचे पत्र आले, आणि त्यात माझ्या लघुपटातल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नव्हता. ते पत्र मी चार वेळा वाचले, पण ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. मग प्रशस्तिपत्राचे शुल्क, मग मानचिन्ह घडवण्याचा आणि पाठवण्याचा खर्च. मानचिन्हाचा फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे का, हे मी पुष्कळ नंतर शोधून पाहिले, तेव्हा तो बक्षिसांच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानाच्या यादीतला निघाला.

पैशांचे दुःख मी गिळले असते. खरे नुकसान पुढच्या अर्जाने झाले. पडद्यावर दाखवण्यासाठी वॉटरमार्क नसलेली, पूर्ण दर्जाची प्रत हवी असे सांगून त्याने एक संमतिपत्र पाठवले, आणि मुदत त्याच रात्रीची दिली. त्यातल्या अकराव्या कलमात ‘अनन्य’ (म्हणजे हक्क फक्त त्यालाच, दुसऱ्या कुणाला नाही), ‘कायमस्वरूपी’ आणि ‘पुढे इतरांना हक्क देण्याच्या अधिकारासह’ हे तीन शब्दप्रयोग होते. मी ते वाचले होते, तरीही महोत्सवांचा ठरावीक मजकूर समजून सही केली. महोत्सवाला लागते ती ठरावीक प्रदर्शनांपुरती, अनन्य नसलेली परवानगी आणि प्रसिद्धीसाठी छोटासा तुकडा वापरण्याची मुभा. वितरणाचे हक्क मागणाऱ्या महोत्सवाला लघुपट देण्याआधी ते कलम खोडायला सांगावे, आणि नकार आला तर प्रवेशिका मागे घ्यावी.

महोत्सवाची तारीख आली आणि गेली. पुढे माझ्याच यूट्यूब वाहिनीवर माझ्याच लघुपटावर हक्काचा दावा लागला. त्या गृहस्थाने माझा लघुपट एका वितरकामार्फत वेगळ्या नावाने नोंदवला होता. मी तेव्हा समूहात पाहिले, तर त्याचे खाते बंद होते आणि त्याची सगळी उत्तरेही नाहीशी झाली होती. मी अनुभव लिहिल्यावर आणखी सहा जण पुढे आले. त्यांच्याकडेही हेच पत्र होते, फक्त लघुपटाचे नाव बदललेले.

मला सावरले ते मूळ फायलींनी. फोनमधली जागा भरली की चित्रीकरण पुसून टाकायची आपल्यातल्या बहुतेकांना सवय असते आणि मीही बरेचसे पुसले होते. त्या अडचणीच्या शॉटची न बदललेली फाइल मात्र त्याला दाखवण्यासाठी बाजूला ठेवलेली होती. तिच्यात फोनचे मॉडेल, चित्रीकरणाची तारीख आणि तो वेडावाकडा फ्रेमदर, सगळे जसेच्या तसे होते. माझ्याकडून गेलेल्या प्रतीत यातले काहीच असणे शक्य नव्हते. कॉपीराइट कलाकृती तयार होताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही; पण वाद उद्भवला की कलाकृती आपलीच आहे हे दाखवावे लागते. म्हणून प्रत्येक लघुपटाचे निदान काही कच्चे शॉट, संकलनाची फाइल आणि झालेला सगळा पत्रव्यवहार दोन ठिकाणी जपून ठेवा. समूहातले संभाषण समोरच्याला पुसता येते, तेव्हा त्याचे स्क्रीनशॉट वेळेवर घ्या.

मी हरकत नोंदवली. यूट्यूबवर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. त्याने उत्तर दिले नाही आणि दावा निघून गेला. दुसऱ्या एका सेवेवर मात्र ती प्रत अजून आहे. तिथे टिकटिक काढून संगीत घातले आहे आणि श्रेयनामावलीतले घड्याळजींचे नाव गाळले आहे. संमतिपत्रावर सही माझी असल्याने ती प्रत उतरवून घेण्यासाठी वकिलामार्फत पत्रव्यवहार चालू आहे. घड्याळजींना मी स्वतः जाऊन सगळे सांगितले. त्यांनी विचारले की आवाज का काढला, आणि मला उत्तर देता आले नाही.