स्क्रीनर डॉट इन : कर्ज विभागातल्या नजरेनं

एकतीस वर्षं सांगलीत नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. फाईल समोर आली की आधी कर्ज कोण मागतंय आणि जामीनदार कोण ते बघायचं, ताळेबंद नंतर. आमच्या साहेबांनी हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. निवृत्तीनंतर शेअर घ्यायला लागले आणि नेमकं हेच विसरले. धाकट्या बहिणीचे पैसे २०१७ साली एका कंपनीत घातले. पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट) कमी, विक्री वाढती, एवढंच पाहिलं. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, स्वतःचे निम्म्याहून जास्त शेअर कर्जापोटी गहाण टाकले होते, तिकडे लक्षच गेलं नाही. भाव उतरला, कर्ज देणाऱ्यांनी तारण विकलं, त्यानं भाव आणखी उतरला. बहिणीच्या हाती रुपयाला चार आणे आले. ती एका शब्दानं बोलली नाही, पण मला ते अजून सलतं.

त्यानंतर स्क्रीनर डॉट इन हे शेअर बाजारातल्या कंपन्यांचे आकडे चाळून देणारं संकेतस्थळ नीट शिकून घेतलं. आज कुणी विचारलं तर मी दुसरं नाव सांगत नाही. कारण एकच, इथे अनेक अटी एकत्र घालून प्रश्न विचारता येतो. माझा नेहमीचा प्रश्न असा (इथे देवनागरीत लिहितेय, तिथे इंग्रजीतच टाइप करावा लागतो):

मार्केट कॅपिटलायझेशन > ५०० अँड
डेट टू इक्विटी < ०.५ अँड
इंटरेस्ट कव्हरेज रेशो > ४ अँड
प्लेज्ड पर्सेंटेज < १ अँड
कॅश फ्रॉम ऑपरेशन्स लास्ट इयर > ०

पहिली अट बाजारमूल्य पाचशे कोटींच्या वर असलेल्याच कंपन्या ठेवते. दुसरी भागधारकांच्या पैशाच्या मानानं कर्ज किती हे विचारते, तिसरी नफ्यातून व्याज झेपतंय का हे. चौथी मालकाबद्दल विचारते, त्यानं किती टक्के शेअर गहाण टाकलेत. पाचवी धंद्यातून खरी रोकड आली का ते बघते. एकेक अट घालत गेलात तर दर वेळी यादी किती आक्रसते ते बघा. चौथ्या अटीला मी मुद्दाम थांबते, आणि तिथे गळालेली नावं आधी वाचते. ताळेबंद चांगला असूनही मालकाला स्वतःचे शेअर गहाण का टाकावे लागले, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या एखाद्या धंद्यात असतं.

गहाण शेअरच्या या रकान्यामागे एक इतिहास आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र बाहेर आलं. ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक खोटी, शिवाय १,२३० कोटींचं देणं वहीत दाखवलेलंच नाही, असं त्यात कबूल केलं होतं. नुसतं ‘कर्ज कमी असलेल्या कंपन्या दाखव’ म्हटलं असतं तर ती यादीत वरच दिसली असती, असं मला वाटतं. प्रवर्तकांचे गहाण शेअर त्याआधीच विकले जात होते, पण गहाण जाहीर करायची सक्ती तेव्हा नव्हती. त्याच महिन्यात सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, ती आणली, म्हणून आज आपल्याला हा आकडा बसल्या जागी मिळतो.

कंपनीचं पान उघडलं की ताळेबंदात ‘बॉरोइंग्ज’ (कर्जं) या ओळीपुढे अधिकचं चिन्ह असतं. ते दाबायला विसरू नका. दीर्घ मुदतीचं, अल्प मुदतीचं, लीजचं (भाडेकरारांचं) असं कर्ज सुटं होऊन दिसतं. नव्या हिशेबनियमांमुळे एप्रिल २०१९ पासून दुकानांच्या जागांचे भाडेकरारही देणं म्हणून ताळेबंदात येतात. त्यामुळे बँकेचं एक रुपयाचं कर्ज नसलेली, गावोगावी भाड्याची दुकानं असलेली कंपनी वरच्या प्रश्नात विनाकारण बाद होऊ शकते. बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्तसंस्थांना) तर ही चाळणी लावूच नका, कर्ज हाच त्यांचा कच्चा माल आहे. आणि आकडे कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून एकत्र केलेले, आहेत ना, हे पाहा. मूळ कंपनी कर्जमुक्त आणि सगळं ओझं उपकंपन्यांच्या डोक्यावर, असं खूप दिसतं.

पण जामीनदार कोण, हे कुठल्याच रकान्यात नाही. उपकंपनीसाठी किंवा मालकाच्या दुसऱ्या धंद्यासाठी दिलेली हमी वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये, ‘कंटिंजंट लायबिलिटीज’ (पुढे अंगावर येऊ शकणारी देणी) आणि ‘रिलेटेड पार्टी’ (मालकांशी संबंधित माणसं आणि कंपन्या) या मथळ्यांखाली असते. स्क्रीनरनं अहवाल, पतमानांकनाची (कर्ज फेडण्याच्या ताकदीला दिलेल्या दर्जाची) पत्रं आणि घोषणा त्याच पानावर खाली लावून ठेवल्यात, हा मला सर्वात मोठा उपकार वाटतो. मी घोषणांमध्ये कंपनी कायद्याच्या कलम १८० चा ठराव शोधते. भांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त कर्ज काढायचं तर संचालक मंडळाला भागधारकांचा विशेष ठराव घ्यावा लागतो. आजचं कर्ज दोनशे कोटी आणि मर्यादा दोन हजार कोटींची मागितली असेल, तर का मागितली हे ठरावासोबतच्या कारणांच्या परिच्छेदात वाचायचं. तिथे ‘भविष्यातील गरजांसाठी’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी ती कंपनी सोडते.

पतमानांकनावर मात्र विसंबू नका. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेचं मानांकन काही आठवड्यांत ‘एएए’ या सर्वोच्च दर्जावरून ‘डी’वर, म्हणजे कर्ज थकल्याच्या दर्जावर, आलं, आणि १ ऑक्टोबरला सरकारला तिचं संचालक मंडळ बाजूला सारावं लागलं.

आमच्या सहकारी बँकांमध्येही संचालकांच्या घरच्यांना दिलेल्या कर्जांनी ठेवीदारांचे हाल झालेले मी पाहिलेत. रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये ती कर्जं बंद केली. म्हणूनच ‘रिलेटेड पार्टी’चं पान मी दोनदा वाचते.

फुकटच्या खात्यावर एवढं सगळं होतं. कंपनीच्या पानावरच्या ‘प्रोज’ (जमेच्या बाजू) आणि ‘कॉन्स’ (उण्या बाजू) या खणांत यंत्रानं काढलेली वाक्यं असतात, ‘प्रवर्तकांनी इतके टक्के गहाण ठेवलेत’ हे तिथेच दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी. बहिणीलाही मी तिथूनच शिकवलं. आता रविवारी दुपारी ती अहवाल मोबाइलवर उघडते, हमीचा आकडा वहीत उतरवते आणि मला फोन करून विचारते, “ताई, ही दुसरी कंपनी कुणाची गं?”