स्पोर्ट्स कार धुवायची कुणी, आणि वर चोपडायचं काय?

ओळखीतल्या एकांनी नुकतीच सेकंडहँड पोर्शे केमन घेतली, काळीकुळकुळीत. मला दाखवायला आणली तेव्हा दिवस मावळला होता आणि सोसायटीच्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसत होती. मी मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक ओरखड्यांची वलयं उमटली, कोळ्याचं जाळं असावं तशी. त्यांचा चेहरा पडला आणि लगेच प्रश्न आला, "मग सिरॅमिक करून टाकू का?" म्हणजे रंगावर चढवतात ते सिरॅमिक कोटिंग.

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी गाडी कोण आणि कशी धुणार ते ठरवा, वर काय लावायचं ते नंतर. रंगाचं नुकसान वॅक्स नसल्यामुळे होत नाही. धुळीचा कण आणि फडकं एकत्र फिरल्यामुळे होतं.

हिशेब अगदी साधा आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग, प्रायमर धरून, साधारण 100 ते 140 मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 35 ते 50 मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. चकाकी म्हणून आपण जे बघतो ते सगळं त्या केसाहून कमी जाडीत मावलेलं आहे. गॅरेजवाले ज्याला "रबिंग-पॉलिश" म्हणतात ते हाच थर घासून पातळ करतं, तेव्हा ओरखडे दिसेनासे होतात. म्हणून पॉलिश आणि वॅक्स यांची गल्लत करू नका. पॉलिश थर काढतं, वॅक्स थर चढवतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर रबिंगला होकार देण्याआधी पेंट गेजने जाडी मोजून घ्या, कारण आधीच्या मालकाने किती वेळा घासून घेतली हे गाडी सांगत नाही.

आता धुण्याचे पर्याय.

रोज सकाळी बादली-फडकं घेऊन येणारे दादा हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा पर्याय, आणि रंगासाठी सगळ्यात वाईट. दोष त्यांचा नाही. तासाभरात पंधरा गाड्या, एक बादली, एक फडकं, यात दुसरं काही होऊच शकत नाही. रात्रभर बसलेली धूळ आधी भिजवून वाहवून न देता पुसली की तोच सँडपेपर होतो. माझ्या आधीच्या लाल गाडीचं टप दीड वर्षात असंच गेलं. रोज पुसलेली म्हणून मी खूश होतो, आणि एका दुपारी उन्हात बघितलं तर लाल रंगावर राखाडी झाक आलेली. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हे दिसायला वेळ लागतो, काळ्या-लालवर सहा महिने पुरतात.

कोपऱ्यावरचं वॉशिंग सेंटर यापेक्षा बरं, पण अर्धंच. प्रेशरच्या पाण्याने चिखल निघतो आणि फोमही मारतात. बिघडतं ते पुढे: ज्या स्पंजने आधीच्या टेम्पोची चाकं घासली तोच बॉनेटवर येतो, आणि शेवटी कळकट कापडाने पुसतात. जायचंच असेल तर "फक्त पाणी आणि फोम मारा, हात लावू नका, पुसायचं मी बघतो" असं सांगा. नोझल रंगापासून फूटभर तरी लांब हवं. दगड लागून टवका उडालेल्या जागी, रंगावर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मच्या कडांवर आणि केमनसारख्या गाडीत दारामागे असलेल्या हवेच्या जाळीत थेट फवारा नको. कापडी टपाची कन्व्हर्टिबल असेल तर जास्तच जपा. आणि गोल फिरणाऱ्या ब्रशचं ऑटोमॅटिक मशीन? स्पोर्ट्स कारसाठी नाही, म्हणजे नाही.

उरला तो स्वतः धुण्याचा पर्याय, आणि माझं मत पूर्णपणे त्याच्याच बाजूने आहे. दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली रेती परत वर येत नाही. चाकांसाठी तिसरी बादली आणि वेगळं कापड, कारण ब्रेकच्या भुकटीत लोखंडाचे कण असतात.

सकाळी सातच्या आत, सावलीत, बॉनेटला हाताची मागची बाजू लावून गार आहे याची खात्री करून सुरुवात करायची. चालवून आणलेली गाडी लगेच धुऊ नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडणं ब्रेकला मानवत नाही. आधी नुसतं पाणी, वरून खाली. मग फोम, पाच मिनिटं थांबा, वाळू द्यायचा नाही, परत पाणी. इथवर गाडीला हात लागलेला नसतो आणि निम्म्याहून जास्त घाण गेलेली असते. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून सुरू करायचं, दाब न देता, सरळ रेषेत. एक पॅनेल झालं की मोजा साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते, टायर रुंद असतात, त्यामुळे खडी आणि डांबराचे शिंतोडे तिथेच सगळ्यात जास्त.

धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच ओता आणि तळ बघा. चमचाभर काळी रेती बसलेली असते. बादली एकच असती तर ती परत गाडीवरच फिरली असती. ज्यांना "दोन बादल्या कशाला" हे पटत नाही त्यांना मी हा तळ दाखवतो.

भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्स उतरवतो. टॉवेल मोठा, जाड मायक्रोफायबरचा घ्या. पाण्यावर पसरा, टिपा, उचला. जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो बाद. घरी धुताना सुती कपड्यांत टाकू नका आणि फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. शेवटी गाडी जरा फिरवून आणून ब्रेक सुकवा, नाहीतर डिस्कवर सकाळपर्यंत गंजाची तांबूस झाक येते.

पाण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रंगावर वाळलं की पांढरे डाग पडतात, आणि उन्हात राहिले तर ते क्लिअर कोटमध्ये उतरतात. बऱ्याच सोसायट्यांत "आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा" अशी सूचना असते. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते लादीला आणि संडासाला वापरा, गाडीला नको. शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याचा मारता आला तर उत्तम, एक बादली पुरते. पाणीकपातीत रिन्सलेस शॅम्पू, म्हणजे नंतर पाणी मारावं न लागणारा, कामाला येतो: एका बादलीत सगळी गाडी होते. मात्र तो फक्त हलक्या धुळीला. कोकणातून लाल माती घेऊन आलेल्या गाडीला आधी भरपूर पाणीच हवं.

आता वर काय लावायचं ते. काहीही लावण्याआधी एक चाचणी करा. धुतलेल्या बॉनेटवर हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार हवा, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलं ठेवून. क्लेने स्वतःचे बारीक ओरखडे पडू शकतात, म्हणून वर्षातून एकदा पुरे.

कार्नौबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. काळ्या आणि लाल रंगाला ते जी खोली देतं ती दुसरं काही देत नाही, माझ्या डोळ्यांना तरी. पण आपल्या उन्हात ते सहा-आठ आठवडेच टिकतं, मे महिन्यात त्याहून कमी. लावायला सोपं आहे: सावलीत, फोमच्या पॅडने अगदी पातळ, एका वेळी एक पॅनेल, धूसर झालं की बोट फिरवून बघायचं, पुसटसं निघालं की टॉवेलने उचलायचं. काळ्या प्लॅस्टिकवर लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. मॅट रंगावर वॅक्स अजिबात नको.

सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम थर, चार-सहा महिने टिकतं. दिसायला जरा कोरडं, काचेसारखं. एक डबी दोन वर्षं पुरते. रोजच्या वापराच्या गाडीला मी हेच सुचवतो: पावसाळ्याच्या तोंडावर एक हात आणि दिवाळीनंतर एक.

सिरॅमिक कोटिंगबद्दल गैरसमज फार. जाहिरातीतलं "नाइन एच" म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी आहे, हिऱ्या-माणकांची नव्हे. रस्त्यावरची रेती त्याला ओरखडते. दगडाचा टवका ते अडवत नाही आणि जड पाण्याचे डागही पडतातच. त्याचा खरा फायदा म्हणजे घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं तेच तेच लावावं लागत नाही. पण खाली ओरखडे असतील तर ते तसेच वरून झाकले जातात, म्हणून आधी पॉलिश आलं, म्हणजे क्लिअर कोटमधला वाटा गेला. आणि रोजचं कोरडं फडकं चालूच राहणार असेल तर सिरॅमिकचे पैसे वाया.

पेंट प्रोटेक्शन फिल्म हा वेगळाच प्रकार. 150 ते 200 मायक्रॉनचं पॉलियुरेथेन, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा फक्त हीच अडवते. हलके ओरखडे उन्हाच्या उबेने मिटतात. खर्च मात्र मोठा, पूर्ण गाडीला लाखाच्या पुढेच. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची पट्टी, आरसे, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढंच केलं तरी मोठं काम होतं. फिल्म टीपीयूची, म्हणजे वर सांगितलेल्या पॉलियुरेथेनची, आहे ना ते विचारा, स्वस्त पीव्हीसी पिवळी पडते. आणि ती मशीनवर कापून आणणार की गाडीवर ठेवून ब्लेडने, हेही विचारा. ब्लेडची रेघ रंगात उतरली तर कायमची.

निवडायचं कसं? गाडी बेसमेंटमध्ये झाकून असते आणि रविवारीच निघते, तर दोन बादल्या आणि कार्नौबा. पुणे-मुंबई नेहमी असेल तर पुढच्या भागाला फिल्म, बाकी गाडीला सीलंट. गाडी उघड्यावर, आंब्याखाली उभी राहते? मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर सांडतो, वर पाखरांची विष्ठा. इथे सिरॅमिकचा उपयोग आहे, पण विष्ठा त्याच दिवशी काढायला हवी: ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवा, मग घासू नका, उचला. स्वतः धुवायला महिन्यातून दोन तासही निघणार नसतील, तर हात न लावता फोम मारून देणारं एक सेंटर शोधा, टॉवेल तुमचा न्या आणि गाडीपाशी उभे राहा. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू द्या. नुसती बसलेली धूळ काही करत नाही.

केमनवाल्यांनी शेवटी सिरॅमिक केलं नाही. जाडी मोजली तर बॉनेटवर पूर्वी बरंच रबिंग झालेलं निघालं, म्हणून एकदाच अगदी हलकं पॉलिश, पुढे फिल्म आणि बाकी सीलंट. फडक्यावाल्या दादांचा पगार चालू ठेवला आहे. ते आता आतली मॅट झटकतात, काचा आतून पुसतात आणि टायर धुतात. रंगाला हात लावत नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर "धुवायची नाही" असं लिहून घ्यायचं आणि तशीच एक चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवायची, एवढं मी त्यांना दोनदा बजावून सांगितलं आहे, कारण संध्याकाळी गाडी परत देण्याच्या घाईत जॉब कार्ड कुणी वाचत नाही.